फ्रिज कसा वापरावा आणि त्याचे आवाज कसे ओळखावेत

फ्रिज थंडी तयार करत नाही. आतल्या पदार्थांची उष्णता उचलून तो ती स्वयंपाकघरात आणून टाकतो. ही उष्णता जितकी सहज बाहेर पडेल आणि जितकी कमी पुन्हा आत शिरेल, तितके विजेचे बिल हलके होते.

म्हणून सुरुवात जागेपासून करावी. शेगडीला लागून किंवा थेट ऊन येते तिथे फ्रिज ठेवू नये आणि माहितीपुस्तिकेत वेगळे अंतर दिलेले नसल्यास मागे व बाजूंना सुमारे १० सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी. जुन्या फ्रिजच्या पाठीवरील काळ्या जाळीची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळीची, धूळ प्लग काढून मऊ ब्रशने अधूनमधून झाडावी. अनेक नव्या फ्रिजमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याआड असते, त्यामुळे बाजू हाताला गरम लागतात. तो बिघाड नव्हे. मात्र तिथे हौसेने जाड कव्हर चढवले, तर उष्णतेची वाटच अडते.

त्यानंतर तापमान पाहावे. खालच्या कप्प्यात ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअस पुरेसे असते. बटणावरचे आकडे अंश दाखवत नाहीत. सहसा आकडा जितका मोठा, तितके थंड. खात्री करायची असल्यास पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर घालून तो रात्रभर मधल्या फळीवर ठेवावा. विदर्भातल्या मे महिन्यात वाढवलेला आकडा पावसाळा लागल्यावर कमी करायचा असतो, आणि नेमके तेच बहुतेक घरांत राहून जाते.

दाराचे रबर तपासण्यासाठी दारात नोट अडकवून ओढावी. ती सहज निसटली, तर रबर कोमट साबणपाण्याने पुसून पाहावे आणि तरीही पकड आली नाही तर बदलावे. गरम आमटी आधी पसरट भांड्यात निववावी, पण दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. पातळ पदार्थ झाकूनच ठेवावेत, कारण त्यांची वाफ शेवटी बर्फ होऊन फ्रीझरला चिकटते. साध्या, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री (आपोआप बर्फ वितळवणाऱ्या) नसलेल्या, फ्रिजमध्ये हा थर अर्धा सेंटीमीटर झाला की तो वितळवावा. सुरीने खरवडणे मात्र कटाक्षाने टाळावे. फ्रीझरच्या भिंतीतल्या नळ्यांना भोक पडले की गॅस निघून जातो, आणि अनेक नव्या फ्रिजमधला आयसोब्युटेन हा गॅस ज्वलनशील असतो.

आता आवाजांविषयी, कारण रात्री घर निजल्यावर तेच जास्त घाबरवतात. संथ घुरघुर कॉम्प्रेसरची, म्हणजे नळ्यांतून गॅस फिरवणाऱ्या पंपाची, असते. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये तो वेग बदलत बराच वेळ चालतो, त्यामुळे 'हा बंदच होत नाही' अशी शंका घेण्याचे कारण नाही. पाणी खळखळल्यासारखा किंवा फुसफुसणारा आवाज नळ्यांतून वाहणाऱ्या गॅसचा असतो आणि कॉम्प्रेसर थांबल्यावरही तो काही वेळ ऐकू येतो. अचानक 'कट्ट' वाजते, ते तापमानातील फरकाने आकसणारे-प्रसरणारे प्लास्टिक. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये तव्यावर थेंब पडल्यासारखे चरचरते, तेव्हा आतला हीटर बर्फ वितळवत असतो. ते पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरून कॉम्प्रेसरच्या उष्णतेने आटते. खडखड होत असेल, तर आधी वरच्या बरण्या हलवाव्यात आणि पाय फिरवून फ्रिज समतल करावा. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी एवढे केले तरी पुष्कळदा काम होते.

दखल घ्यावी असा आवाज वेगळा असतो: दर काही मिनिटांनी 'टक्' व्हावे, पण त्यामागून घुरघुर टिकू नये. याचा अर्थ कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो आणि थांबतो. कमी व्होल्टेजमुळेही असे घडते. अशा वेळी प्लग काढून किमान पाच मिनिटे थांबावे, व्होल्टेज ठीक असल्याची खात्री करून फ्रिज पुन्हा लावावा आणि तरीही तेच होत राहिले, तर तो बंद ठेवून कारागिराला बोलवावे. तोवर दार उघडू नये. बंद फ्रिजमधले अन्न साधारण चार तास थंड राहते.