जुन्या लष्करी काडतुसांचा संग्रह करताना या चुका टाळा

नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडच्या पितळेच्या ढिगात अधूनमधून .303 ची, म्हणजे ब्रिटिशकालीन लष्करी रायफलच्या काडतुसाची पुंगळी (पितळी आवरण) सापडते. शंभर-दोनशे रुपयांत छंद सुरू होतो, आणि बहुतेक चुका पहिल्या आठवड्यातच होतात.

जुनं म्हणजे निकामी, असं समजणं

दारू कोरडी राहिली असेल तर ऐंशी वर्षांपूर्वीचं काडतूसही आज उडू शकतं. तोंडात गोळी बसलेली दिसली की ते जिवंतच समजायचं. बुडाच्या टोपीवर (दारू पेटवणाऱ्या प्रायमरवर) बंदुकीच्या पिनेचा खळगा आहे म्हणून ते उडालेलं असेलच असं नाही. बार फुसका गेला तरी खळगा पडतोच. वजनावरूनही अंदाज बांधू नका. .303 च्या मार्क 7 या प्रकाराची गोळीच 11.3 ग्रॅमची, आतलं कॉर्डाइट (बिनधुराची दारू) जेमतेम अडीच ग्रॅम, आणि गोळ्या-पुंगळ्यांच्या वजनात मुळातच थोडा फरक असतो. ब्लँक काडतुसाला गोळी नसते, तोंड चुरगळून बंद केलेलं असतं, पण दारू आणि टोपी दोन्ही शाबूत असतात. पक्कडीने गोळी उपटून काडतूस ‘रिकामं’ करायच्या फंदात तर पडूच नका. घ्यायची ती उघड्या तोंडाची, उडालेली पुंगळी. टॉर्च मारून आतला तळ दिसला पाहिजे.

कायदाही वयाची सूट देत नाही. शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस बाळगणंही गुन्हा आहे. कलम 45 मध्ये काडतुसाच्या किरकोळ सुट्या भागांना सवलत आहे, पण ते पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसेल तरच. म्हणून एकाच डब्यात पुंगळ्या, गोळ्या आणि टोप्या असा ‘पूर्ण संच’ जमवू नका. ओझरच्या विमानतळावरून जाताना बॅगेत रिकामी पुंगळीही नको. तपासणीत अडकलात तर विमान चुकेल आणि पुढे पोलीस चौकशीही मागे लागेल.

देवळालीच्या तोफखाना सरावाच्या हद्दीतून काहीही उचलायचं नाही. न फुटलेला गोळा आणि रिकामं लोखंड वरून सारखेच गंजतात. शेतात असं काही दिसलं तर हात न लावता लांब व्हा, जागा लक्षात ठेवा आणि 112 वर कळवा.

घासून लख्ख करणं

सगळ्यात जास्त पुंगळ्या इथेच वाया जातात. चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावली की पितळ चमकतं खरं, पण आम्लात जास्त वेळ राहिलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि पृष्ठभाग गुलाबीसर दिसू लागतो. तो गुलाबीपणा पुन्हा जात नाही. अमोनिया असलेलं पॉलिश किंवा काच पुसायचं द्रव त्याहून वाईट. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढून पुंगळी घडवताना त्यात राहिलेला ताण मिळून हे होतं, हा उलगडा 1921 मध्ये झाला. हे पितळ साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताचं. त्यामुळे द्राक्षबागेच्या शेडमध्ये खताच्या गोण्यांशेजारी, गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या खुराड्याजवळ संग्रह ठेवू नका. मानेवर उभी, केसासारखी बारीक रेघ दिसली तर तो ओरखडा समजून घासू नका. बहुधा चीर असते.

साफ करायचं तर असं: हातमोजे घाला, कारण जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पारा असायचा. कोमट डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाका आणि मऊ ब्रशने आतून-बाहेरून धुवा. जुन्या मसाल्याचे क्षार हवेतला ओलावा ओढतात, म्हणून आतून धुणं जास्त महत्त्वाचं. दोनदा साध्या डिस्टिल्ड पाण्यातून काढा, पूर्ण वाळवा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. टोपीभोवतीचं रंगीत कडं मात्र सोडून द्या. .303 मध्ये जांभळं म्हणजे साधी गोळी, लाल म्हणजे ट्रेसर (जाताना उजेडाची रेघ दाखवणारी गोळी), हिरवं म्हणजे चिलखतभेदी. हे कडं घासलं की ओळखच पुसली.

साठवण

पीव्हीसीचे पाउच, रबरबँड आणि लोकरी फेल्ट टाळा. पहिल्याने कळंक चढतो, उरलेल्या दोघांतल्या गंधकाने पितळ काळं पडतं. पॉलिप्रोपिलीनचा डबा आणि सिलिका जेल पुरतं. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये जेल महिन्यातून एकदा तरी बदला.

ठसा चुकीचा वाचणं

बुडावर इंग्रजी के आणि एफ, मध्ये बाण: हा खडकीच्या कारखान्याचा ठसा. ‘43’ म्हणजे 1943. विक्रेता त्याच नगाला ‘पहिल्या महायुद्धातलं’ म्हणाला तर हसून पुढे चला. रोमन किंवा साधा सात हे वर्ष नव्हे, तर 1910 पासूनचा मार्क. त्यापुढे झेड असेल तर आत कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू होती. आणि वर्ष पुंगळी बनवल्याचं असतं, उडवल्याचं नाही. 1943 ची पुंगळी 1965 मध्येही उडालेली असू शकते. म्हणून चिठ्ठीवर ठसा जसाच्या तसा उतरवा, खरेदीची तारीख आणि ठिकाण लिहा, पावती असेल तर सोबत ठेवा. युद्धाचं नाव लिहायची घाई नको.