मोजके कपडे ठेवायचे ठरवले तरी कपाट पुन्हा भरते: या चुका टाळा

दर महिन्याला बदलणाऱ्या फॅशनच्या मागे न धावता, स्वतःला शोभतील, टिकतील आणि खरोखर वापरले जातील असे मोजकेच कपडे ठेवावेत, असे अनेकांना मनापासून वाटते. तसा निश्चयही होतो, पण सहा महिन्यांनी पाहावे तर कपाट पूर्वीइतकेच गच्च झालेले असते. माझ्या बाबतीत हे दोनदा घडले आणि दोन्ही वेळा चूक पहिल्याच दिवशी झाली होती. एका रविवारी मी सगळे कपाट पलंगावर उपसले, निम्मे कपडे देऊन टाकले आणि मोकळ्या फळ्या पाहून नव्या खरेदीला लागले.

आवराआवरीने सुरुवात करू नये. आधी आपण काय घालतो ते पाहावे. इस्त्री होऊन आलेला कपडा नेहमी दांडीच्या उजव्या टोकाला लावत गेल्यास, न वापरलेले कपडे आपोआप डावीकडे सरकत जातात आणि दोन महिन्यांत कपाटच आपल्या सवयी सांगू लागते. मात्र मे महिन्यातल्या निरीक्षणावरून पावसाळ्याचे किंवा लग्नसराईचे कपडे काढून टाकू नयेत. निर्णय घेण्यापूर्वी तिन्ही ऋतू जाऊ द्यावेत.

दुसरी चूक उसन्या यादीची, म्हणजे परदेशातल्या ‘मोजक्या कपड्यांच्या’ याद्या जशाच्या तशा उचलण्याची आहे. ‘कॅप्सूल वॉर्डरोब’, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या मोजक्याच कपड्यांचे कपाट, ही कल्पना लंडनमध्ये दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी १९७० च्या दशकात मांडली आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डिझायनर डॉना कॅरन यांनी एकमेकांशी जुळणाऱ्या सात कपड्यांचा संग्रह आणून ती लोकप्रिय केली. त्या याद्या थंड शहरांतल्या, ऑफिसात जाणाऱ्या स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या होत्या. तिथे एक कोट आठवडाभर चालतो. रत्नागिरीत किंवा मुंबईत मे महिन्यात सकाळी घातलेला कुर्ता संध्याकाळी धुण्यातच जातो आणि जुलैमध्ये जाड जीन्स दोन-तीन दिवस वाळत नाही. म्हणून आपल्याकडे कपड्यांची संख्या धुणे आणि वाळणे यांच्या हिशोबावरून ठरवावी. आठवड्यातून पाच दिवस बाहेर जाणाऱ्या आणि एक दिवसाआड धुणाऱ्या व्यक्तीला सात-आठ रोजचे जोड पुरतात. पावसाळ्यासाठी लवकर वाळणारे दोन-तीन जास्तीचे ठेवावेत. सणासमारंभाचे कपडे या मोजणीतून वेगळे काढावेत, पण तिथेही संक्रांतीची काळी साडी एक असली की पुरे. ती वर्षातून एकदाच नेसली जाते.

सर्वांत महाग पडणारी चूक मापाची आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. गेल्या वर्षी घेतलेला एक तयार कुर्ता मला खांद्यात नेमका बसत होता, पण छातीत अर्धा इंच कमी पडत होता. आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी तो उलटा केला, बाजूची शिवण दोन बोटांत धरली आणि म्हणाले, “ताई, यात मायाच नाही, सोडू काय?” माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड. त्या कुर्त्यात ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडा उसवू नये म्हणून घातलेल्या दोऱ्याखाली जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी पट्टी होती. मग मी दुरुस्तीसाठी दिलेला माझ्या आईचा पंचवीस वर्षांपूर्वीचा ब्लाउज त्यांनी माझ्यासमोर पसरला. दोन्ही बाजूंना इंचभर माया होती आणि शिवणीलगत अंगाच्या बाजूला सुईच्या बारीक भोकांच्या तीन समांतर रांगा होत्या. म्हणजे तो ब्लाउज तीन वेळा उसवून सैल केला गेला होता आणि तरीही अजून वाव शिल्लक होता.

वजन वाढते, उतरते, बाळंतपण होते, वय होते. ज्या कपड्यात माया नाही तो या बदलांपैकी एकालाही सामावून घेऊ शकत नाही. म्हणून तयार कपडा विकत घेताना तो उलटा करून पाहावा. खांदा बसत नसेल तर तो घेऊच नये, कारण तो दुरुस्त करणे फार किचकट असते. लांबी, बाही आणि कंबर मात्र सहज बदलता येते. कापड घेऊन शिवणार असाल तर सुती कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून मगच टेलरकडे द्यावे, म्हणजे पहिल्या धुण्यात ते आटून माप बिघडणार नाही, आणि माया सोडण्यास स्पष्ट शब्दांत सांगावे.

कापडाचा पोत न ओळखता केवळ रंगावर भाळणे ही आणखी एक चूक. कुर्त्याला लवकर कुबट वास येत असेल, काखेत घाम साचत असेल आणि बाह्यांवर गोळे येत असतील तर त्यात बहुधा पॉलिस्टर मिसळलेले असते. खात्री करायची असल्यास आतल्या शिवणीतला एक धागा काढून ताटलीत जाळून पाहावा: सुती धागा कागदासारखा वास देऊन राख होतो, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेयॉनचे गणित वेगळे आहे. ते लाकडाच्या लगद्यापासून बनते, अंगाला मऊ लागते, पण ओले असताना कमजोर पडते. म्हणून ते पिळू नये, नुसते दाबून पाणी काढावे. आमच्या आजीची कसोटी मला आजही सर्वांत नेमकी वाटते: जुने झाल्यावर ज्याची गोधडी शिवता येईल ते कापड चांगले. सुती लुगडे शेवटी गोधडीत जाते आणि घाम शोषते. पॉलिस्टरची साडी तिथेही घसरते.

हल्ली एक नवी चूक वाढते आहे, ती म्हणजे हातमागाच्या नावाने तीच जुनी हाव. प्रदर्शनातून एका दिवसात पाच साड्या आणणे हे फास्ट फॅशनपेक्षा, म्हणजे स्वस्तात घेऊन लगेच टाकायच्या कपड्यांपेक्षा, फारसे वेगळे नाही. घ्यायचीच तर एक घ्यावी आणि पारखून घ्यावी. हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून असलेले हँडलूम मार्क आणि रेशमासाठीचे सिल्क मार्क पाहावे, आणि पैठणी असल्यास पदर उलटून पाहावा. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रमागावरच्या पैठणीच्या मागे सुटे धागे लोंबतात.

किंमत पाहतानाही आपण चुकतो. ४०० रुपयांचा टॉप पाच वेळा घालून टाकला तर दर वेळी ८० रुपये पडले. १,२०० रुपयांचा कुर्ता साठ वेळा घातला तर वीसच. शिवाय फार स्वस्त कपड्याची उरलेली किंमत दुसरेच कोणी मोजत असते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे मरण पावली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरीही शिवणकामगारांना कामावर बोलावण्यात आले. तिथे परदेशी ब्रँडचे कपडे शिवले जात होते.

शेवटी कपाटात आधीच असलेल्या कपड्यांविषयी. जरीच्या साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. जुन्या सुती कापडात गुंडाळाव्यात आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवर जर तुटते. धुण्याआधी सुटलेले बटण आणि उसवलेली शिवण पाहावी, कारण धुण्यात छोटे भोक मोठे होते. मी आता महिन्यातून एक संध्याकाळ सुई-दोरा, बटणांचा डबा आणि दुरुस्तीचे कपडे घेऊन बसते. रफू माझ्या आवाक्याबाहेरचे असेल तर तो कपडा दुसऱ्या दिवशी टेलरकाकांकडे जातो.