कंपाउंड धनुष्याचे सायलेन्सर आणि डॅम्पर कसे टिकवावेत, कधी बदलावेत

कंपाउंड धनुष्य म्हणजे टोकांना कॅम नावाची खाचेची चाकं असलेलं धनुष्य. बाण सुटताना त्यातली सगळी ताकद बाणाबरोबर जात नाही. उरलेली ताकद स्ट्रिंग (दोरी), लिम्ब (वाकणारे हात) आणि रायझरमध्ये (मधली मूठ असलेला भाग) थरथरत राहते. तिला आवर घालायला स्ट्रिंगवर रबरी मिशांचे सायलेन्सर, लिम्बवर थरथर शोषणारे रबरी डॅम्पर आणि रायझरच्या मागे स्ट्रिंगला अडवणारा रबरी टोकाचा दांडा, म्हणजे स्ट्रिंग स्टॉपर असतो. परदेशात हे सामान शिकारीसाठी आवाज दाबायला घेतात. आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे खरा उपयोग ५० मीटरवर नेम धरणाऱ्याला: साईटचे (नेम धरायच्या साधनाचे) स्क्रू ढिले पडत नाहीत आणि कोपराला हादरे कमी बसतात.

हे रबर किती बाण मारले यापेक्षा ऊन, स्ट्रिंगला लावायचं वॅक्स आणि डासांच्या क्रीमने लवकर खराब होतं.

१. आधी खरा दोषी शोधा. अचानक वाढलेला खडखडाट बहुतेकदा सायलेन्सरचा नसतोच. साईट, रेस्ट (बाण टेकवायचा आधार), क्विव्हर (भाता), स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा) यांचे स्क्रू ॲलन कीने तपासा. रायझरवर बोटाने टकटक करा आणि एकेक वस्तू दाबून धरून पुन्हा ऐका. बाणाचं वजनही बघा. ड्रॉ वजनाच्या (धनुष्य ताणायला लागणाऱ्या जोराच्या) प्रत्येक पौंडाला किमान ५ ग्रेन (बाण मोजायचं वजनाचं छोटं माप), म्हणजे ६० पौंडांना ३०० ग्रेन, ही रूढ किमान मर्यादा. बाण हलका असेल तर जास्त ताकद धनुष्यातच राहते आणि डॅम्पर लवकर झिजतात.

२. रबर तपासा. सायलेन्सरची एक मिशी बोटाभोवती वळवा. वळणावर बारीक भेगा दिसल्या तर ती संपली. चिमटीत धरल्यावर चिकट लागली किंवा फुगलेली दिसली तर तेल किंवा वॅक्स आत मुरलंय. पुसून उपयोग नाही. वरचा आणि खालचा असे दोन्ही एकदमच बदला, नाहीतर वजन असमान होतं.

३. नवा सायलेन्सर बसवा. स्ट्रिंगचे धागे वेगळे करण्याआधी धनुष्य बो प्रेसवर (लिम्ब दाबून स्ट्रिंग सैल करणाऱ्या यंत्रावर) घ्या. प्रेस नसेल तर दुकानात किंवा प्रशिक्षकाकडे न्या. ताणलेल्या स्ट्रिंगमध्ये टोकदार वस्तू घुसवू नका. स्ट्रिंग दोन रंगांची असेल तर रंगाप्रमाणे धागे निम्मे-निम्मे करून मधोमध सायलेन्सर घाला. दोन्ही कॅमपासून अंतर सारखं ठेवा, पण धनुष्य न ताणलेल्या स्थितीत तो कॅमच्या खाचेत मुळीच शिरता कामा नये. नॉकच्या (बाण स्ट्रिंगला अडकतो त्या जागेच्या) जवळ सरकवाल तितका बाणाचा वेग जास्त घटतो. शेवटी त्याच्या वर-खाली सर्व्हिंगच्या (स्ट्रिंगवर संरक्षणासाठी गुंडाळायच्या) दोऱ्याचे घट्ट वेढे द्या. हा टप्पा टाळू नका: सैल सायलेन्सर बाणागणिक सरकतो आणि कॅमच्या खाचेत अडकला तर स्ट्रिंग उतरू शकते. प्रेसवरून काढल्यावर पीप (स्ट्रिंगमधलं नेम धरताना डोळ्यासमोर येणारं भोक) फिरला नाही ना, तेही बघा.

४. स्टॉपरची खाच पाहा. स्ट्रिंग आपटून आपटून रबरी टोकावर खाच पडते. खाच खोल झाली की अंतर वाढतं आणि आवाज परत येतो. टोक थोडं फिरवून कोरी बाजू समोर आणा. स्ट्रिंग आणि टोक यांच्यात किती जागा हवी हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहा. काही धनुष्यांत ते जेमतेम टेकलेलं असतं, काहींत व्हिजिटिंग कार्डाएवढी फट लागते. टोक जिथे लागतं तिथे स्ट्रिंगवर सर्व्हिंग हवंच, नाहीतर उघडे धागे तुटतात.

५. लिम्बचे डॅम्पर. चिकटवण्याचे असतील तर जुना डिंक काढून लिम्ब आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या, मग डॅम्पर दाबून बसवा आणि एक दिवस धनुष्य वापरू नका. घाईत बसवलेला डॅम्पर कडेपासून सुटतो.

रोजची काळजी अगदी साधी आहे. वॅक्स फक्त उघड्या धाग्यांना लावा, सायलेन्सरपासून दोन-तीन सेंटीमीटर आधीच थांबा आणि जादा वॅक्स कापडाने पुसा. डासांसाठी डीट असलेलं क्रीम लावलं असेल तर हात धुतल्याशिवाय रबराला हात लावू नका. डीट प्लास्टिक आणि काही रबरं विरघळवतं. विदर्भात मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत कधीच ठेवू नये. त्या उष्णतेने रबर आणि डिंक खराब होतात, शिवाय लिम्बलाही धोका असतो. कोकणातल्या पावसात लोकरीच्या गोंड्यांचे सायलेन्सर पाणी धरून जड होतात आणि बाण खाली लागू लागतात, म्हणून तिथे रबरीच बरे.

काहीही बदललं की ५० मीटरवर काही फेऱ्या मारून बघा. बाण एकाच जागी पण खाली लागत असतील तर साईट थोडी खाली घ्या.