कॉलेज फुटबॉलमधला घोटाळा तारखांवरून कसा वाचायचा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळतात ते) नियम मोडल्याची बातमी फुटली की पहिल्याच दिवशी सगळे निकाल देऊन मोकळे होतात. कोच जाणार, विजेतेपद काढून घेणार, संघावर बंदी येणार. प्रत्यक्षात त्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नसतं. ठरायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि शिक्षा किती होणार हे मूळ चुकीइतकंच कुणाला काय कधी कळलं यावर अवलंबून असतं. म्हणून बातम्या गोळा करण्याआधी एक कागद घ्या आणि पाच रकाने आखा: कृत्य कधी घडलं, वरच्या माणसाला कधी कळलं, त्याने ते पुढे कधी कळवलं, कॉलेजने स्वतःहून शिक्षा कधी घेतली, आणि निकाल कधी आला. जी बातमी यातल्या एकाही रकान्यात बसत नाही, ती तूर्त बाजूला ठेवली तरी चालेल.

आधी बघा, कारवाई कोण करतंय

नियम करणारी आणि शिक्षा देणारी मुख्य संस्था म्हणजे एनसीएए. कचेरी इंडियानापोलिसला. ही सरकारी यंत्रणा नाही, कॉलेजांनीच चालवलेली सदस्य-संस्था आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली टार्केनियन या कोचच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी तसं सांगूनच टाकलं. याचा व्यवहारातला अर्थ असा की एनसीएएचा तपासनीस कुणालाही समन्स पाठवू शकत नाही. बाहेरचा माणूस दार लावून घेऊ शकतो. तपासनीसाच्या हातात फक्त कॉलेजचे कर्मचारी आणि खेळाडू असतात, कारण त्यांना सहकार्य करणं नियमानेच बंधनकारक आहे. त्यामुळे खोटं बोलणं, मेसेज पुसणं, फोन न देणं हे इथे वेगळे गुन्हे ठरतात आणि पुष्कळदा मुळापेक्षा महाग पडतात.

समन्सची ही उणीव तपासनीसांना कुठवर नेते ते मायामी प्रकरणात दिसलं. तिथल्या एका बूस्टरने, म्हणजे संघामागे पैसा ओतणाऱ्या बाहेरच्या पाठीराख्याने, खेळाडूंवर वर्षानुवर्षं पैसे उधळल्याचं २०११ साली स्वतःच सांगितलं. एनसीएएच्या माणसांनी त्याच्याच वकिलाला पैसे देऊन एका दिवाळखोरी खटल्यातल्या शपथेवरच्या जबान्या आपल्या कामासाठी वापरून घेतल्या. ते उघडकीला आल्यावर तो पुरावा टाकून द्यावा लागला आणि २०१३च्या फेब्रुवारीत अंमलबजावणी विभागाच्या प्रमुखांना जावं लागलं.

दुसरी कारवाई कॉन्फरन्सची, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची. बिग टेन, एसईसी यांसारख्या गटांचे स्वतःचे नियम असतात आणि त्यांचा हात लवकर चालतो. मिशिगनच्या प्रकरणात (ते शेवटी येतं) बिग टेनने २०२३च्या नोव्हेंबरातच मुख्य कोच जिम हार्बॉ यांना तीन सामने मैदानाबाहेर बसवलं. एनसीएएचा निकाल यायला २०२५चा ऑगस्ट उजाडला. दोन्ही कारवाया एकाच रकान्यात कोंबल्या की सगळा हिशोब चुकतो.

तिसरं म्हणजे फौजदारी प्रकरण. पेन स्टेटचं २०१२चं प्रकरण लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्याचं होतं. तिथे नेहमीची सुनावणी झालीच नाही; करारनामा करून ६ कोटी डॉलर दंड लावला गेला, आणि पुसलेले विजय २०१५ साली परत दिले गेले. त्याचा दाखला देऊन दुसऱ्या कुठल्या प्रकरणाच्या शिक्षेचा अंदाज बांधू नका.

कागद कोणता हाती आहे

नेहमीचा क्रम असा. चौकशी सुरू झाल्याचं पत्र येतं. मग आरोपपत्र. त्याला उत्तर द्यायला कॉलेजला साधारण ९० दिवस मिळतात, त्यावर तपासनीस ६० दिवसांत प्रत्युत्तर देतात, मग एनसीएएच्या इन्फ्रॅक्शन्स (नियमभंग) समितीपुढे सुनावणी, लेखी निकाल आणि शेवटी अपील. दोन्ही बाजूंचं आधीच जमलं तर वाटाघाटीने निकाल लागतो आणि सुनावणी टळते.

आरोपपत्रात पहिल्यांदा पातळी शोधा. २०१३पासून पहिली पातळी सर्वांत गंभीर आणि तिसरी किरकोळ. तिसऱ्या पातळीची प्रकरणं, म्हणजे चुकीच्या काळात गेलेला मेसेज वगैरे, कॉलेजं स्वतःच कळवत असतात. त्यावरून गहजब करण्यात अर्थ नाही. मग शोधा दोन शब्दप्रयोग. ‘देखरेखीत कसूर’ म्हणजे लक्ष कमी पडलं. ‘संस्थेचं नियंत्रण नसणे’ म्हणजे घरात कुणी बघणारंच नव्हतं. दुसरा आरोप टिकला तर शिक्षेची सगळी पट्टी वर सरकते. एक सूचना: साधारणपणे चार वर्षांपेक्षा जुनी कृत्यं आरोपपत्रात घेत नाहीत, पण सलग चाललेला प्रकार किंवा लपवाछपवी असेल तर त्याला अपवाद असतो.

एक कागद भरून बघू: ओहायो स्टेट

कृत्य: खेळाडूंनी आपल्या अंगठ्या, जर्सी, करंडक-स्मृतिचिन्हं टॅटूच्या दुकानदाराला दिली आणि बदल्यात पैसे किंवा टॅटू घेतले. त्या काळच्या नियमांत हे बसत नव्हतं. पण एवढंच असतं तर काही सामन्यांच्या निलंबनावर भागलं असतं.

कळलं कधी: कोच जिम ट्रेसेल यांना २ एप्रिल २०१० रोजी ईमेल आला. कळवलं कधी: नाहीच. उलट सप्टेंबरमध्ये, दरवर्षी भरायच्या फॉर्मवर, आपल्याला कुठलंही उल्लंघन ठाऊक नाही अशी सही त्यांनी केली. तिकडे ते खेळाडू संपूर्ण हंगाम खेळले. डिसेंबरमध्ये प्रकरण बाहेर आलं, पाच जणांना पुढच्या हंगामाचे पाच सामने निलंबन झालं, पण त्याआधी शुगर बाऊल (बाऊल म्हणजे हंगामअखेरचा मानाचा सामना) खेळायची मुभाही मिळाली. ते ईमेल कॉलेजच्या हाती जानेवारी २०११मध्ये लागले. ३० मे रोजी ट्रेसेल यांनी राजीनामा दिला.

आता चौथा रकाना, जिथे खरी फसगत झाली. कॉलेजने २०१०चे विजय स्वतःच पुसले, काही स्कॉलरशिप सोडल्या, पण बाऊल-बंदी स्वतःहून घेतली नाही. २०११चा संघ ६-६ असा रखडलेला होता. तो हंगामअखेरच्या गेटर बाऊलला गेला आणि २ जानेवारी २०१२ रोजी फ्लोरिडाकडून १७-२४ हरला. तोवर निकाल येऊन गेला होता: २० डिसेंबर २०११ रोजी एनसीएएने २०१२ हंगामाची बाऊल-बंदी लावली, एकूण ९ स्कॉलरशिप कापल्या, ट्रेसेल यांना पाच वर्षांचा शो-कॉज (कोचवरचा निर्बंध, अर्थ पुढे येतो) दिला. आणि २०१२चा संघ काय करावा? १२ पैकी १२ जिंकला. घरी बसला. विजेतेपदाचा सामना अपराजित नोत्र दाम आणि एक सामना हरलेला अलाबामा यांच्यात झाला.

मायामीचा कागद याच्या शेजारी ठेवा. त्यांनी २०११ आणि २०१२ अशा दोन्ही हंगामांत बाऊल स्वतःच सोडले, २०१२ची कॉन्फरन्स फायनलही सोडली. २०१३च्या ऑक्टोबरात निकाल आला तेव्हा बाऊलची नवी बंदी नव्हती. ९ स्कॉलरशिप आणि तीन वर्षं प्रोबेशन. म्हणून संघ साधारण असताना कॉलेज अचानक ‘आम्हीच बाऊल सोडतो’ म्हणालं की त्याला पश्चात्ताप समजू नका. पडेल दिवसांत उधारी फेडणं आहे ते.

कृत्याच्या दिवशी नियम काय होता

हा पहिला रकाना हल्ली सर्वांत जास्त चुकतो. खेळाडूला पैसे देणं हा गुन्हा आहे का, याचं उत्तर तारखेनुसार बदलतं.

टेक्सासच्या एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) या कॉलेजचं उदाहरण घ्या. १९८५ साली तिथे शिक्षा झाली, तरी बूस्टरच्या निधीतून खेळाडूंना पैसे चालूच राहिले: महिन्याला ५० ते ७२५ डॉलर, १३ खेळाडू, एकूण सुमारे ६१,००० डॉलर. पाच वर्षांत दुसऱ्यांदा मोठं उल्लंघन झालं तर कार्यक्रमच बंद करता येईल असा नियम नुकताच झाला होता. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी तो वापरला गेला आणि १९८७चा अख्खा हंगाम रद्द झाला. १९८८मध्ये घरच्या मैदानावर खेळायला मनाई होती, म्हणून तो हंगाम कॉलेजनेच सोडला. १९८४च्या बाऊलनंतरचा पुढचा बाऊल एसएमयूला मिळाला २००९ साली. वरच्या पातळीच्या फुटबॉलमध्ये ही ‘डेथ पेनल्टी’ त्यानंतर कुणालाच झालेली नाही. कॉलेज जागेवर होतं, पण तिथला खेळ मेला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आता पुढच्या तारखा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. १ जुलै २०२१: खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. २३ फेब्रुवारी २०२४: टेनेसीतल्या न्यायालयाने एनसीएएला भरतीच्या काळातल्या अशा करारांवरचे निर्बंध लागू करण्यापासून रोखलं. ६ जून २०२५: खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली, आणि २०२५-२६ पासून कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं; पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. बाहेरच्यांचे ६०० डॉलर किंवा त्यावरचे करार तपासणीसाठी नोंदवावे लागतात आणि त्यावर कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही नवी संस्था नजर ठेवते. एसएमयूच्या अख्ख्या खात्यात होते तेवढे डॉलर आज एखादा राखीव खेळाडूही उजळ माथ्याने घेऊ शकतो. तरी मधल्या काळातली उल्लंघनं अजून निघतात: फ्लोरिडा स्टेटच्या एका सहायक कोचने भरतीतल्या खेळाडूला बूस्टरच्या भेटीला नेलं म्हणून २०२४च्या जानेवारीत शिक्षा झाली. पैसे देणं नव्हे, कोचने गाठ घालून देणं हा तिथला मुद्दा होता.

निकालातले शब्द

‘विजय पुसले’ आणि ‘सामना बहाल केला’ यांत गल्लत होते. पुसलं की विजयी संघाच्या खात्यातून विजय जातो, पण समोरच्याची हार हारच राहते.

प्रोबेशन म्हणजे खेळायला बंदी नव्हे. त्या काळात अहवाल द्यायचे आणि पुन्हा सापडायचं नाही. शो-कॉज म्हणजे त्या कोचला घेणाऱ्या कॉलेजने समितीपुढे जाऊन, त्याच्यावरचे निर्बंध आम्हाला का लागू करू नयेत ते सांगायचं. कॉलेजं सहसा त्या फंदात पडत नाहीत. व्यावसायिक एनएफएलला मात्र हे लागू नाही.

स्कॉलरशिप-कपात हळू लागते. पूर्वीची मर्यादा ८५. यूएससीला (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) २०१०च्या निकालात तीन वर्षांत ३० कापल्या गेल्या, म्हणजे संघ ७५वर आला. दुखापतींच्या महिन्यात त्या दहा जागा दिसतात, पहिल्या सामन्यात नाही. हाउस खटल्यातली तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांना आता ८५ऐवजी १०५ खेळाडूंची मर्यादा आहे, त्यामुळे जुन्या निकालांशी आकड्याला आकडा लावू नका.

बाऊल-बंदीचा फटका भलत्यालाच बसतो. २०११ साली बंदीतल्या यूएससीने शेजारच्या यूसीएलएला ५०-० धुतलं, आणि त्यांच्या पॅक-१२ कॉन्फरन्सची पहिलीवहिली फायनल खेळायला गेला तो यूसीएलए, ६-६ घेऊन. ज्यांच्या काळात प्रकार घडला ते कोच तेव्हा एनएफएलमध्ये होते. म्हणूनच अलीकडे समिती बंदीऐवजी पैसे घेते. टेनेसीला २०२३च्या जुलैत पहिल्या पातळीची १८ उल्लंघनं सिद्ध होऊनही बाऊल-बंदी झाली नाही. कॉलेजने कोचला काढून पूर्ण सहकार्य केलं होतं. दोन हंगाम बाऊल न खेळल्याने जेवढं नुकसान झालं असतं तेवढा, म्हणजे ८० लाख डॉलरवर दंड, २८ स्कॉलरशिप आणि पाच वर्षं प्रोबेशन यांवर भागलं.

सरावासाठी: मिशिगन

बातम्यांनी याला ‘इशारे चोरणे’ म्हटलं. बाजूच्या रेषेवरून दिले जाणारे हाताचे इशारे डोळ्यांनी ओळखणं नियमबाह्य नाहीच. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन बघणं १९९४पासून बंद आहे, आणि एका कर्मचाऱ्याने माणसं पाठवून नेमकं तेच केलं. पहिल्या रकान्यात हेच लिहा, इशारे नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात: त्या कर्मचाऱ्याने फोन तळ्यात टाकला, आणि तेव्हाच्या सहायक कोचने त्याच्याशी झालेले ५२ मेसेज पुसले. पाचव्यात: १५ ऑगस्ट २०२५. कर्मचाऱ्याला आठ वर्षं, हार्बॉ यांना दहा वर्षं शो-कॉज. हार्बॉ यांची दहा वर्षं आधीच्या एका प्रकरणातली चार संपल्यावर २०२८ला सुरू होतील. ते स्वतः २०२४पासून लॉस एंजेलिस चार्जर्सकडे आहेत.

दंडाची ओळ वाचताना ५० हजार डॉलरवर थांबू नका. पुढे फुटबॉलच्या बजेटचे १० टक्के, स्कॉलरशिप खर्चाच्या १० टक्क्यांएवढी रक्कम, आणि २०२५ व २०२६ हंगामांच्या बाऊल-उत्पन्नाएवढी रक्कम अशा ओळी आहेत. बेरीज २ कोटी डॉलरच्या पुढे जाते. २०२३चं विजेतेपद शाबूत आहे, बाऊल-बंदीही नाही.

निकाल लागला म्हणून कागद लगेच फेकू नका. यूएससीचे खेळाडू रेजी बुश यांनी २०१०मध्ये परत केलेली हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) नियम बदलल्यावर एप्रिल २०२४मध्ये त्यांना पुन्हा मिळाली. ती देणारा ट्रस्ट वेगळा, एनसीएए वेगळी. यूएससीचे २००४-०५चे पुसलेले १४ विजय अजून पुसलेलेच आहेत.