सोयाबीन: पावसाच्या पहिल्या सरीला भुलू नका
सोयाबीनच्या दाण्याला उगवायला स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी लागतं. मक्याचं तिसऱ्या हिश्श्यात भागतं. अर्धवट ओलीत सोयाबीन फुगतं, पण कोंब न काढताच कुजतं. कोरड्या मातीतलं बी एक वेळ तग धरेल, अर्धवट ओलीतलं नाही. म्हणून 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावरच पेरा. तरी खात्री करा: वीतभर खणून खालची माती मुठीत दाबा, गोळा झाला तरच पेरणी. खोली 3 ते 4 सेंमी. ओलीच्या मागे लागून 5 सेंमीखाली गेलात आणि वर पपडी धरली, तर कोंबाची मान मोडते. बी भिजवून पेरणं ज्वारीला चालतं, सोयाबीनला नाही, साल तडकते. उगवणीआधी उघडीप पडलीच, तर तुषार संचाने हलकं पाणी द्या.