नदीवर मजा करताना गोव्यात या चुका टाळा

ओहोटी लागली की गोव्यातल्या नद्यांवर कामाची वेळ होते. कुणी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पायाने चिखल चाचपत तिसऱ्या (शिंपले) काढतो, कुणी मानशीच्या, म्हणजे शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी जाळे लावतो. सुट्टीची मंडळी नेमकी तेव्हाच कायाक घेऊन मधे येतात आणि कुरबुरी सुरू होतात.

पहिली चूक वेळेची. भरती रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येते. आठवड्याभरात हा फरक सहा तासांच्या आसपास जातो, म्हणजे गेल्या रविवारी दहाला भरती होती तर या रविवारी दहाला ओहोटी. भरती संपायच्या दीड-दोन तास आधी निघा, पाण्याबरोबर वर जा आणि ओहोटी लागताच परत फिरा. ओहोटीबरोबर निघालात तर परतताना प्रवाहाशी झुंजावे लागते, मग काठाचा चिखल लागतो आणि शेवटी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधावर कायाक ओढली जाते. बांध मातीचा असतो. त्याची कड ढासळली की खारे पाणी शेतात शिरते.

मोटरबोटवाल्यांची चूक वेगळी. समोर व्हडी (छोटी होडी) दिसली की इंजिनची रेस थोडी कमी करून 'आम्ही हळू गेलो' म्हणायचे! अर्ध्या वेगात बोटीचा पुढचा भाग वर उठतो, मागचा खाली बसतो, आणि सगळ्यात मोठी लाट तेव्हाच उठते. रेस बरीच आधीपासून कमी करा, इतकी की बोट पाण्यावर सपाट बसेल. अगदी जवळ येऊन एकदम रेस सोडलीत तर तुमचीच मागची लाट पुढे जाऊन त्या व्हडीत पाणी भरते.

मानशीपासून लांब राहा. तिथल्या मासळीची पावणी (लिलाव) होते, त्यामुळे ते जाळे म्हणजे कुणाचे तरी पैसे गुंतलेले असतात. ओहोटीला खाजनाच्या आतल्या बाजूला असाल तर पाणी कायाकला दाराकडे ओढते. ओढ जाणवताच काठाकडे तिरके वल्हवा, जाळ्याच्या दोरीला धरू नका. पाण्यात खांब किंवा थर्माकोलचे तरंगते तुकडे ओळीत दिसले तर जाळे आहे असे समजा आणि त्या ओळीला वळसा घाला.

कुंभारजुवे कालव्यात मगरींना कोंबडी टाकून जवळ बोलावू नका, त्यांना बोटीची सवय लागते. चोडण बेटाच्या काठी पक्षी माना वर करून चालू लागले तर तुम्ही आधीच फार जवळ गेलेला आहात. फेरीबोटीच्या पुढून वाट काढायची नाही, ती जागच्या जागी थांबत नाही.

वरच्या गोड्या पाण्यात चूक साबणाची. खांडेपार नदीवर ओपाचा पाणीप्रकल्प आहे, तिथले पाणी तिसवाडी-फोंड्यात नळाला येते. गाडी धुवायची असेल तर घरी धुवा. अंगाला साबण लावायचाच असेल तर बादली भरून काठापासून लांब, मातीवर आंघोळ करा. काचेच्या बाटल्या मात्र गाडीतच ठेवा: नदीतल्या डोहाच्या तळाशी फुटलेली काच गढूळ पाण्यात दिसत नाही, आणि तिथे गावची पोरे अनवाणी उतरतात.