आरसीए ७७-डीएक्स जोडण्याआधीची तयारी

आरसीए ७७-डीएक्स हा जुना रिबन माईक, म्हणजे चुंबकात टांगलेल्या पातळ धातूच्या पट्टीने आवाज टिपणारा. सगळ्यात आधी तो बाजूलाच राहू द्या, उभाच ठेवा, आणि वर पिशवी चढवलेली असू द्या. आतली पट्टी काही मायक्रॉन जाडीच्या अॅल्युमिनियमची असते. वाऱ्याची झुळूक तिला ताणू शकते आणि चुंबक टेबलावरचा लोखंडाचा कीस ओढून घेतो. म्हणून टेबल पुसून घ्या.

पहिलं काम केबलचं. या माईकच्या मूळ केबलच्या टोकाला कुणी कधी काय बसवलंय याचा भरवसा नाही. १९५४ पासूनच्या माईकला किती हात लागले असतील! प्लग उघडून सोल्डर आणि तारा डोळ्यांनी बघा. नंतर जोडायची ती एक्सएलआर (तीन पिनांची माईकची) केबल मल्टिमीटरने तपासा: पिन १ ते १, २ ते २, ३ ते ३, आणि आपापसात कुठेही शॉर्ट नको. मीटर फक्त केबलला लावायचा, माईकला कधीच नाही. त्याच्या करंटनेही पट्टी हलते.

मग फँटम, म्हणजे माईकच्या केबलमधूनच माईकला दिली जाणारी वीज. केबल आणि माईक दोन्ही नीट असतील तर ४८ व्होल्ट पिन २ आणि ३ वर सारखेच येतात, पट्टीला काही होत नाही. पण एक बाजू शॉर्ट झाली की करंट ट्रान्सफॉर्मरमधून वाहतो आणि पट्टी ओढली जाते. म्हणून आधी फँटम बंद करा, मिनिटभर थांबा, मगच जोडा. पॅचबेमधून (जॅक लावून जोडण्या बदलायच्या पट्टीतून) तर मुळीच नको, जॅक आत सरकताना क्षणभर एकाच तारेवर व्होल्टेज येतं.

माईकच्या आतल्या टर्मिनलवर ३०, १५० आणि २५० ओहमची जोडणी असते. २५० वर असेल तर उत्तम; ३० वर असेल तर सुमारे ९ डेसिबल कमी मिळतील. ती बदलायची असेल तर जाणकाराकडूनच बदलून घ्या. माईकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपचा इनपुट इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) त्याच्या किमान पाचपट, म्हणजे १२५० ओहमच्या वर हवा. बहुतेक ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचे डबे) तेवढे देतात, अडतं ते गेनवर, म्हणजे सिग्नल किती वाढवता येतो त्यावर. हळू आवाजासाठी ६० ते ७० डेसिबल स्वच्छ गेन लागतो. तेवढा नसेल तर क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर मध्ये घाला. त्याला फँटम लागतं, पण ते पुढे माईककडे जात नाही. मात्र तो उलटा जोडू नका.

माईकच्या तळाचा स्क्रू एम (म्युझिक) वर आहे ना, बघा. व्ही१, व्ही२ (व्हॉइस) वर खर्ज कापला जातो. आता पिशवी काढा, गेन शून्यावरून वर न्या, आणि तारा उलट्या जोडल्या नाहीत ना हे कळायला दुसऱ्या माईकबरोबर रेकॉर्ड करून एकाचा फेज उलटवून ऐका.